गोळाबेरीज

योएन्सूत जानेवारीचा दिवस
साडेनऊला उगवतो आणि तीनच्या आत आवरतं घेतो.
सिर्क्काला त्याचं काही नाही. तिचं काम तळघरात,
काळा पडदा ओढलेल्या टेबलावर.

टेबलावर निळ्या इनॅमलची एक किटली,
झाकणाची मूठ तुटलेली.
समोर काचेची पाटी, चौसष्ट गुणिले चौसष्ट खिडक्यांची.
खिडकी उघडते किंवा मिटते,
तिसरं काही तिला येत नाही.
पाटीमागे, नखाएवढा, एकटा
उजेड मोजणारा तुकडा.

भिंग नाही.
त्यामुळे जवळच्याला धूसर वाढायचं, लांबच्याला स्वच्छ,
असला पंक्तिप्रपंचही नाही.
तुकड्याला कड कळत नाही, गोलाई कळत नाही,
निळा तर नाहीच नाही.
त्याला किती, एवढंच कळतं.
सगळं मिळून किती.

निम्म्या खिडक्या उघड: किती?
मिट. आता दुसऱ्याच निम्म्या: किती?
पुन्हा.
पुन्हा.
उत्तरं सगळी अर्ध्याच्या आसपास घुटमळणारी,
शपथेवर आकडा सांगून
खाली बसणाऱ्या साक्षीदारांसारखी.
पण त्या घुटमळण्यातच,
तिसऱ्या दशांशस्थळाच्या जरा इकडे जरा तिकडे,
किटलीची तोटी आहे.

शितावरून भात ओळखणं सोपं.
इथे शीत कुणी दाखवतच नाही.
दर वेळी निम्मं पातेलं तोलायचं
आणि हजार तोलण्यांमधून
शीत न् शीत वेगळं काढायचं.
साधी वस्तू असली की हजारात भागतं.
सिर्क्का तरी सगळे चार हजार शहाण्णव घेते.
खोड आहे.
यंत्र लावून ती सातला निघते,
गोठलेल्या नदीकाठाने, टोपी कानांवर ओढून.

सकाळी पडद्यावर किटली आलेली असते.
कान, तोटी, तुटक्या मुठीचा बुंधासुद्धा.
पण सगळ्यावर एक करडी जाळी,
किटलीवर, भिंतीवर,
जिथे काहीच नव्हतं तिथेही, सारखीच.
ती आकडे चाळत जाते.
दोन हजार तीनशे सतरावा
बाकीच्यांच्या तिप्पट.
रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं.

तेऱ्हो फरशी पुसतो, रात्रपाळीला.
संध्याकाळी तो बादली घेऊन आला, तेव्हा तिने विचारलं.
दार उघडलं होतं, म्हणाला,
दिवा जळतोय का बघायला. पडद्याला फट होती?
असेल.
तिने त्याला चित्र दाखवलं.
तो वाकला. चष्मा वर केला, खाली केला.
"यात मी कुठे?"

कुठे नाही, ती म्हणाली.
म्हणजे कुठे असा नाही.
त्या क्षणी ज्या खिडक्या उघड्या होत्या
त्यांची नक्षी अख्ख्या चित्रावर पडली.
"म्हणजे किटलीच्या कानातही मी?"
हो. मागच्या भिंतीतही. थोडा थोडा.

तेऱ्होने दांड्यावर हनुवटी टेकली.
"अठरा वर्षं पुसतोय इथे," तो म्हणाला,
"तेवढा तर फरशीतही असेन."
आणि बादली ढकलत निघून गेला.

तो एक आकडा खोडला की झालं,
बाकीचे चार हजार पंच्याण्णव सांभाळून घेतात.
तिने खोडला. जाळी गेली.
स्वच्छ किटली, अहवालात घालण्याजोगी.
मग जुनी प्रतही जपून ठेवली,
नाव काय द्यावं ते न सुचून
नुसती तारीख घातली.

त्या रात्री तेऱ्होने बोळातले दिवे लावलेच नाहीत.
अंधारात, हाताच्या अंदाजाने,
भिंतीपासून भिंतीपर्यंत पुसत गेला.
आकड्यांत रात्रभर कुणी आलं नाही.
सकाळी सिर्क्का जिना उतरली
तर बोळाची फरशी लख्ख,
फक्त तिच्या दारापाशी
हातभर पट्टा कोरडा, धुळीचा,
जिथवर तो आला
आणि थांबला होता.